हप्ता सुरू व्हायला दोन महिने बाकी, तरी पैसे कापले: घरदुरुस्तीच्या ‘नंतर भरा’ कर्जातला घोळ कसा सोडवायचा

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी वहिनीचा फोन आला, की खात्यातून १५,००० रुपये गेले. तिचा हप्ता होता १०,०००चा आणि तो सुरू व्हायचा होता ५ मार्चला. बँक बंद. भाच्याने लगेच जाहीर केलं, हा सायबर फ्रॉड, १९३०ला फोन लावा. मी म्हटलं, आधी मेसेज पूर्ण वाच. त्यात एनएसीएच असा शब्द होता. मग चोर नाही, कारकुनी आहे.

रविवारी हप्ता कसा कापला जातो, हे पुष्कळांना अजून कोडं वाटतं. एनएसीएच, म्हणजे ज्या यंत्रणेतून आपले हप्ते आपोआप वळते होतात ती, १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते. बँकेचं शटर खाली असो, दिवाळी असो. त्यामुळे ‘सोमवारी पैसे भरतो, बँक उघडल्यावर’ हा आपला जुना हिशेब आता चालत नाही. हप्त्याच्या आदल्या संध्याकाळी शिल्लक खात्यात हवी.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. वहिनी बडोद्याच्या समा भागात राहते. २०२४च्या ऑगस्टअखेर पुरात विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा मगरींचे व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिले. पाणी ओसरल्यावर फुगलेलं प्लायवूड मात्र ज्याचं त्यालाच पाहावं लागलं. स्वयंपाकघराच्या खालच्या सगळ्या कपाटांची दारं सुटून आली होती. दिवाळीनंतर एका शोरूममध्ये नवं किचन ठरवलं. किंमत १,८०,०००, तीन महिने काही भरायचं नाही, मग १८ हप्ते, व्याज शून्य. शोरूममधल्या पोऱ्याने टॅबवर अर्ज भरला, ओटीपी आला नाही, म्हणून त्याने अर्ज पुन्हा भरला. वहिनीने विचारलं, दोनदा झालं नाही ना? त्यावर आमच्या बडोद्याचं ठरलेलं उत्तर मिळालं: “थई जशे, माशी, चिंता ना करो.” म्हणजे, होऊन जाईल, मावशी, काळजी करू नका.

आणि खरंच झालं. दोनदा झालं.

तीन वह्या

मी आयुष्यभर एका कारखान्याच्या हिशेब खात्यात बँकेचं पासबुक आणि आमची रोजमेळ जुळवत बसलो. निवृत्त झाल्यावर दांडिया बाजारातले नातेवाईक अशी कागदपत्रं घेऊन माझ्याकडे येतात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. या कर्जांचे हिशेब तीन वेगळ्या वह्यांत असतात: दुकानदाराची, फायनान्स कंपनीची आणि आपल्या बँकेची. चूक एका वहीत होते, ती दिसते दुसऱ्या वहीत, आणि आपण भांडतो तिसऱ्याशी. पैसे बँकेतून गेले म्हणून माणूस बँकेत जातो. बँक म्हणते, तुम्हीच मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, दिलंय. मग शोरूममध्ये जातो. शोरूम म्हणतं, आमचा काय संबंध, कंपनीला विचारा. कंपनीच्या फोनवर संगीत वाजत राहतं.

म्हणून भांडणाआधी चूक कोणत्या वहीत आहे ते काढा. त्याला एक संध्याकाळ पुरते.

पहिलं पाऊल पासबुक. कापलेल्या रकमेच्या ओळीत कंपनीचं नाव असतं आणि बहुधा एक लांबलचक क्रमांकही. नसेल तर बँकेकडून या खात्यावर चालू असलेल्या सगळ्या मॅन्डेटची यादी मागा. नेटबँकिंगमध्येही ती बहुतेक ठिकाणी दिसते. प्रत्येक मॅन्डेटला स्वतःचा यूएमआरएन असतो, मॅन्डेटचा आधार नंबरच म्हणा ना. वहिनीच्या खात्यावर एकाच कंपनीचे दोन यूएमआरएन निघाले. एका कर्जाला एकच पुरतो, त्यामुळे इथेच अर्धा उलगडा झाला.

दुसरं पाऊल कंपनीचं ॲप किंवा वेबसाइट. तिथे लोन अकाउंट नंबर किती आहेत ते बघा. वहिनीच्या मोबाइलवर एकच दिसत होता, कारण दुसरं खातं पोऱ्याने वेगळ्या ई-मेलवर उघडलं होतं. तो ई-मेल त्याचा स्वतःचा होता! हे फार ठिकाणी होतं. घाईत दुकानातला माणूस आपलाच ई-मेल टाकून मोकळा होतो आणि मग कंपनीची सगळी पत्रं त्याच्याकडे जातात. कंपनीकडे पॅन देऊन लेखी विचारा, की या पॅनवर तुमच्याकडे किती कर्जखाती आहेत. उत्तर आलं, दोन. एक १८ हप्त्यांचं, तीन महिने सवलतीचं. दुसरं १२ हप्त्यांचं, सवलतीशिवाय, १५,०००चं. पोऱ्याने दुसऱ्या खेपेला योजना निवडताना बोट एक ओळ वर ठेवलं होतं, एवढंच.

तिसरं पाऊल सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते कोणीच करत नाही. अशा कर्जात पैसे आपल्या खात्यात येत नाहीत, थेट दुकानदाराला जातात. मग दोन कर्जं मंजूर झाली तर दुकानदाराला दोनदा पैसे गेले का? शोरूमचा मालक शपथेवर सांगत होता, एकदाच आले. कंपनी सांगत होती, दोनदा दिले. दोघंही खोटं बोलत नव्हते. कंपनी दुकानदाराला दिवसभराच्या दहा-बारा गिऱ्हाइकांचे पैसे एकत्र पाठवते आणि त्याच्या माणसाने दुसरी रक्कम ‘ॲडव्हान्स’मध्ये टाकून दिली होती. मी कंपनीकडून फक्त दोन गोष्टी लेखी मागितल्या: दुसऱ्या कर्जाचे पैसे दुकानदाराला गेल्याची तारीख आणि त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतून पाठवलेल्या रकमेचा ओळख क्रमांक. तो कागद शोरूमच्या अकाउंटंटपुढे ठेवला. त्याने बँक स्टेटमेंट उघडलं आणि दहा मिनिटांत रक्कम सापडली. महिनाभराची बाचाबाची एका नंबराने मिटली. कंपनी आणि दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर यूटीआर मागा.

मधे केलेली चूक

हे सगळं होईपर्यंत ५ फेब्रुवारी आली. भाच्याने आदल्या दिवशी वहिनीला सांगितलं, खात्यातले पैसे काढून माझ्या खात्यात टाका, म्हणजे त्यांना कापताच येणार नाहीत. मला विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं. हप्ता परत गेला. कंपनीने बाउन्स चार्ज लावला, बँकेने आपला वेगळा लावला, आणि कर्ज ‘ओव्हरड्यू’ झालं. चूक कंपनीची होती, पण आता कागदावर थकबाकीदार वहिनी झाली. शिवाय मॅन्डेट परत जाणं हा चेक परत जाण्यासारखाच कायद्याचा विषय आहे. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ मध्ये त्यासाठी कलम २५ आहे.

खातं रिकामं करू नका. चुकीचा यूएमआरएन नेमका ओळखता येत असेल, तर बँकेत अर्ज देऊन तेवढाच थांबवा आणि दुसरा, खरा हप्ता जाऊ द्या. पण हे करायच्या आधी कंपनीकडे लेखी तक्रार गेलेली हवी, आणि बँकेच्या अर्जात तिचा क्रमांक लिहा. मॅन्डेट थांबलं म्हणजे कर्ज रद्द झालं असं मुळीच नाही. कर्ज कंपनीच्या वहीत तसंच उभं राहतं. चुकीची रक्कम लहान असेल आणि झेपत असेल, तर मी तर म्हणतो एखादा हप्ता ‘हरकत नोंदवून’ जाऊ द्या. परत मिळवता येतो. बिघडलेला सिबिल स्कोअर सावकाशच सुधारतो.

तक्रार कशी लिहावी

फोनवर तक्रार केली असेल तर ती झालीच नाही असं समजा. ई-मेल करा, कंपनीच्या वेबसाइटवर ‘तक्रार निवारण अधिकारी’ म्हणून ज्याचा पत्ता असतो त्याला. रागाची वाक्यं नकोत, पुराची करुण कहाणीही नको. वाचणारा माणूस दिवसाला शंभर तक्रारी उघडतो, त्याला आकडे हवेत. इंग्रजीत किंवा गुजरातीत लिहिलं तरी मजकूर साधारण असा ठेवा:

‘माझा पॅन अमुक. माझ्या नावावर आपल्याकडे दोन कर्जखाती आहेत, क्रमांक अमुक आणि तमुक. मी एकाच वस्तूसाठी, एकाच इन्व्हॉइसवर (क्रमांक, तारीख) एकच कर्ज घेतले आहे. दुसरे खाते दुकानात अर्ज दोनदा भरला गेल्यामुळे उघडले. त्या खात्यातून अमुक तारखेला अमुक रक्कम कापली गेली. कृपया १) दुसऱ्या खात्याच्या पैशांच्या वाटपाची तारीख व यूटीआर कळवावा, २) ते खाते रद्द करून त्याचे मॅन्डेट काढावे, ३) कापलेली रक्कम व आकार परत करावे, ४) क्रेडिट ब्युरोंकडे त्या खात्याची नोंद दुरुस्त करावी. सोबत इन्व्हॉइस, दोन्ही सँक्शन लेटर, पासबुकाचे पान.’

चौथा मुद्दा लोक विसरतात (हे ब्युरो म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्था) आणि मग वर्षाने गृहकर्ज मागायला गेल्यावर कपाळावर हात मारतात.

सोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, जोडा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेने हे सक्तीचं केलं आहे. त्यात वार्षिक दर, सगळे आकार आणि हप्त्यांचं वेळापत्रक एका ठिकाणी असतं. त्यात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. वहिनीच्या खात्यावर ‘सुविधा शुल्क’ म्हणून काहीतरी लावलं होतं, ते या एका वाक्यावर निघालं. दंडाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकाने दंड म्हणून जादा व्याज लावणं बंद केलं आहे. आता फक्त दंड-आकार लावता येतो आणि त्या आकारावर पुढे व्याज चढवता येत नाही. स्टेटमेंट ऑफ अकाउंट मागवलंत की या ओळी पेन्सिलने तपासा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे लोकपालाकडे, सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहिती हवी तर १४४४८ या नंबरवर मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. कंपनीकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर अर्ज तिथेच परत येतो, म्हणून तो ई-मेल जपून ठेवा. आणखी एक गोम आहे. घरदुरुस्तीचं कर्ज कधीकधी हाउसिंग फायनान्स कंपनी देते. तिची तक्रार ओम्बड्समनकडे नाही, नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जाते. सँक्शन लेटरच्या डोक्यावर कंपनीचं पूर्ण नाव वाचा. ॲपचं नाव वेगळं आणि कर्ज देणारी कंपनी वेगळी, असं सर्रास असतं.

वहिनीच्या बाबतीत ओम्बड्समनपर्यंत जावं लागलं नाही. शोरूमने फेब्रुवारीअखेर १,८०,००० परत पाठवले, कंपनीने दुसरं खातं रद्द केलं, १५,००० आणि बाउन्स चार्ज परत आला. बँकेचा चार्ज बँकेने परत केला नाही. बँकेचं बरोबरच होतं, तिने सांगितलेलं काम केलं होतं. तो मी कंपनीकडे मागितलाय. दोन स्मरणपत्रं गेली.

दुसरी दुखणी

वहिनीचं दुखणं दुर्मिळ नाही, पण त्याहून जास्त वेळा माझ्याकडे येतं ते ‘शिल्लक असून हप्ता बाउन्स’. इथे आधी बँकेकडून परतीचं कारण लेखी घ्या. आपल्या बडोद्यात एक खास कारण सापडतं: नाव. आपली सुलभा दुकानदाराच्या टॅबमध्ये सुलभाबेन होते, आडनाव पुढे येतं, वडिलांचं की नवऱ्याचं हा गोंधळ होतो. बँकेत नुसती सुलभा, पॅनवर माहेरचं आडनाव. मॅन्डेट मंजूर होताना बँक नाव पडताळते आणि परत पाठवते. अर्ज भरताना ‘बेन’ आणि ‘भाई’ खोडायला लावा, दुकानदार हसला तरी.

दुसरं कारण जुनं पासबुक. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, त्यांचे आयएफएससी बदलले. पण आमच्या आत्याकडे अजून देनाचंच पासबुक कपाटात आहे आणि अर्जात तेच उतरवलं गेलं. तिसरं म्हणजे जोडखातं. खात्यावर ‘दोघांच्या सहीने’ असेल आणि मॅन्डेटवर एकाचीच सही असेल, तर ते चालत नाही. केवायसी जुनं झाल्यामुळे खातं अडकलेलं असणं, हेही बघा.

मग ‘तीन महिने सवलत’ म्हणजे नेमकं काय, यावरून होणारी भांडणं. सवलत दोन प्रकारची असते. एकात कंपनी किंवा दुकानदार तेवढं व्याज सोसतो. दुसरीत फक्त हप्ता पुढे जातो, व्याज मात्र चढत राहतं. १,८०,०००वर १४ टक्क्यांनी महिन्याला २,१०० होतात, तीन महिन्यांचे ६,३००. ते मुद्दलात मिसळून हप्ता वाढलेला दिसतो आणि माणूस म्हणतो, चूक झाली. ही चूक नाही, न वाचलेला कागद आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते कुठल्यातरी आकड्यात दडलेलं असतं. तक्रार टिकते ती वेळापत्रकात एक तारीख आणि खात्यात दुसरी तारीख असेल तेव्हा.

काम अर्धवट टाकून ठेकेदार पळाला आणि हप्ता चालू आहे, हे सगळ्यात वाईट. रावपुऱ्यातल्या एका शेजाऱ्यांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग असंच राहिलं. एक थर मारला, दुसरा नाही, पण ‘काम पूर्ण’चा ओटीपी त्यांनी फोनवर देऊन टाकला होता. तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय देऊ नका. दिला नसेल तर कंपनीला लगेच कळवा, तारखेचे फोटो पाठवा. कर्ज ॲपवरून घेतलं असेल तर ‘कूलिंग-ऑफ’ मुदत असते, किमान एक दिवसाची. तिच्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. किती दिवस, ते की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये असतं. मुदत गेली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ठेकेदार आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा. हप्ते मात्र चालू ठेवा. कडू आहे, पण ठेवा.

सिबिल आणि शेवटचा कागद

खातं रद्द झालं की विषय संपला असं वहिनीला वाटलं. एप्रिलमध्ये मी तिचा रिपोर्ट काढला. चारही ब्युरो, म्हणजे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. दोघांकडे रद्द झालेलं कर्ज अजून ‘चालू, थकीत’ दिसत होतं. १ जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना किमान दर पंधरवड्याला ब्युरोंना माहिती द्यावी लागते, म्हणजे ‘सिस्टिमला वेळ लागतो’ ही सबब फार दिवस चालत नाही. ब्युरोच्या वेबसाइटवर डिस्प्यूट टाकला. कंपनीच्या रद्दपत्राची प्रत जवळ होती म्हणून सोपं गेलं. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते, हे मी डिस्प्यूटच्या शेवटी लिहिलं. तेविसाव्या दिवशी नोंद गेली. त्या वाक्याने गेली की आपोआप गेली, देव जाणे.

आता खऱ्या कर्जाचा शेवटचा हप्ता आहे ५ ऑगस्ट २०२६ला. त्या आठवड्यात करायच्या दोन गोष्टी वहिनीच्या नव्या किचनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. कंपनीकडून एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, घ्यायची, आणि ती हातात आल्यावर बँकेत जाऊन यूएमआरएन बंद करायचा. आधी एनओसी, मग यूएमआरएन, असं भाच्याच्या अक्षरात दोनदा अधोरेखित.